दोन्ही डावे सायलेन्सर

लोह्याच्या अलीकडं, जिथं उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला रांग लावून उभ्या असतात, तिथं सुकन्याच्या येझदीचा उजवा सायलेन्सर निखळून रस्त्यावर पडला. आधी नुसती खडखड झाली, मग एकदम असा आवाज फुटला की ट्रॉलीच्या सावलीला झोपलेला ड्रायव्हर उठून बसला. सुकन्यानं गाडी बाजूला घेतली, मागं चालत जाऊन सायलेन्सर उचलला, आणि तो तापलेला आहे हे बोटं भाजल्यावर तिच्या ध्यानात आलं. ओढणीचं टोक गुंडाळून तिनं तो उलटा केला. वरच्या अंगाला अजून थोडी चकाकी शिल्लक होती. खालची बाजू मात्र वाळवीनं खाल्लेल्या दारासारखी झाली होती. बोट टेकवलं की पत्र्याचा चुरा पडत होता.

ती कृषी सहायक होती. नोकरी लोह्याला आणि घर नांदेडला. त्या सकाळी एका गावात हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी गोळा करून ठेवलेले होते, त्यामुळं थांबायला वेळ नव्हता. सायलेन्सर दोरीनं कॅरियरला बांधून ती तशीच निघाली. एका बाजूनं उघडी पडलेली टू-स्ट्रोक गाडी कशी ओरडते हे त्या दिवशी लोह्याच्या चौकाला कळलं. भजीवाला झारा हातात तसाच धरून बघत राहिला, आणि वाहतुकीचे हवालदार शिट्टी फुंकत आडवे आले.

मुद्दाम आवाज काढत फिरणारं कुणी टवाळ पोरगं असेल, असं त्यांना वाटलं होतं. हेल्मेटमधून चाळिशी ओलांडलेली बाई निघाली तेव्हा ते जरा गोंधळले. सुकन्यानं कॅरियरवरचा सायलेन्सर दाखवला, हा काही हौसेनं बदललेला नाही, गंजून पडलाय म्हणून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की गंजो नाहीतर बदलो, लोकांच्या कानाला दोन्ही सारखंच. महिनाभरात नीट करून आणून दाखवा, नाहीतर गाडी जमा करावी लागेल. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "साहेब न्हाई चालवत का ही?"

"साहेबांना येत नाही," सुकन्या म्हणाली.

ते खरंच होतं. तिचा नवरा सुदाम शाळेत गणित शिकवायचा, स्कूटीवर जायचा आणि येझदीकडं एखाद्या आगाऊ पाहुण्याकडं बघावं तसं बघायचा.

गाडी मुळात तिच्या वडिलांची. किशनराव जळकोट तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. औषधांची पिशवी टाकीवर, मागं बर्फाचा डबा, आणि अख्खा तालुका त्यांनी ह्याच गाडीवर पालथा घातलेला. लांबून आवाज आला की लोक आजारी बैल गोठ्यातून बाहेर काढून उभा करायचे. निवृत्तीनंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांनी एक दिवस गाडी शेडात लावली, इंजीन गेलं म्हणाले, आणि परत बाहेर काढली नाही. शेडाचा पत्रा गळका होता. दर पावसाळ्यात पाणी गाडीवर ठिबकलं, वर कडब्याच्या पेंढ्या पडल्या, सायलेन्सरमध्ये उंदरांनी पिलं घातली. मग एका दिवाळीत भंगारवाला दारात आला. धाकटा भाऊ दयानंद त्याच्याशी बोलणी करत होता आणि सुकन्या मध्येच म्हणाली की मला द्या.

दयानंद हसला होता. किशनराव हसले नाहीत, पण हो की नाही तेही बोलले नाहीत. पिकअपमध्ये गाडी चढवताना ते ओट्यावर पाठ करून बसले होते.

लहानपणी ती ह्या गाडीच्या टाकीवर बसून गावोगाव हिंडली होती. मग एका वर्षी आईनं सांगितलं की आता तू मोठी झालीस, एसटीनं जात जा. टाकीवरची जागा दयानंदला मिळाली, पुढं चालवायलाही तोच शिकला. सुकन्याला ह्याचा राग होता असं नाही. निदान तिला तसं वाटत नव्हतं. पण सुदामनं विचारलं की तुला नेमकं काय करायचंय ह्या गाडीचं, तेव्हा तिला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर देता येत नाही ह्याचाच तिला जास्त राग आला.

गंमत म्हणजे इंजीननं काही त्रासच दिला नाही. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, वायरी नव्या टाकल्या आणि गाडी फटफटली. त्रास सुरू झाला तो सायलेन्सरचा.

नांदेडच्या वेल्डिंगवाल्यानं निखळलेला सायलेन्सर उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं की मालक कधी येणार आहेत. मालक मीच, असं सांगितल्यावर त्यानं सुस्कारा टाकून कामाला हात घातला. एक भोक बुजवायला ठिणगी टेकवली की शेजारी दुसरं पडायचं. पत्रा कागदाइतका उरला होता. संध्याकाळपर्यंत त्यानं ठिगळांवर ठिगळं मारली, आणि जोडून गाडी चालू केली तर धूर मागून सोडून चहूकडून निघाला. वेल्डिंगवाला म्हणाला, "ताई, कापड असतं तर रफू केलं असतं."

तिनं जळकोटला फोन लावला. किशनरावांना अलीकडं फोनवर बोलायचा कंटाळा यायचा, पण सायलेन्सर म्हटल्यावर ते सरसावून बसले असावेत. ठिगळं मारून उपयोग नाही, ते म्हणाले. आत ऑइलची काजळी बसून वाट बंद झालेली असती, म्हणून तर दाब येऊन पत्रा फुटतो. आतली जाळीची नळी काढायची, सायलेन्सर शेणकुटाच्या आरात, लाल निखाऱ्यात घालायचा, काजळी जळून राख झाली की झटकून टाकायची. मी दरसाल करायचो, ते म्हणाले. उजवा बिघडला असंल तर डावा तरी वाचव.

रविवारी सुकन्यानं इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आर केला. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी धुरासाठी खिडक्या लावून घेतल्या. डावा सायलेन्सर तोवर धड होता, निदान दिसायला. आरात तो लाल झाला, आतून काळा धूर ओकला, आणि थंड झाल्यावर तिनं तो उचलून दगडावर हलकेच आपटला. निम्मा तिच्या हातात राहिला. उरलेला निम्मा दगडाभोवती पापडाच्या तुकड्यांसारखा पसरला. पत्रा कधीच संपला होता. इतकी वर्षं त्या काजळीनंच त्याला धरून ठेवलं होतं.

तिनं वडिलांना कळवलं.  मग ते म्हणाले, "म्या काजळी जाळ म्हणलो होतो, पत्रा न्हाई."

सुकन्यानं फोन ठेवून दिला. त्या रात्री ती रागातच जेवायला बसली. सुदामनं तिच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली, आणि त्यावरूनही ती त्याला बोलली.

आता नवीन जोडी घेण्यावाचून इलाज नव्हता. नांदेडला चौकशी करकरून बेजार झाली; जो तो म्हणायचा लातूरला बघा. लातूरला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारं एक दुकान असल्याचं दयानंदनंच सांगितलं. तो तिथं एका बियाण्यांच्या कंपनीत होता. रजा टाकून ती एसटीनं गेली. दुकानदारानं माळ्यावरून खोकी काढली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चकचकीत सायलेन्सर काउंटरवर ठेवले, आणि म्हणाला की डोळे झाकून बसवा. तिनं तेच केलं, म्हणजे डोळे झाकूनच घेतले. नांदेडला आणून बसवायला घेतले तेव्हा दिसलं की बसवायची पट्टी दोघांनाही एकाच अंगाला आहे. दोन्ही डावे.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला की उलटा करून बसवा की, त्याला काय होतंय. उलटा करून बसवला तर त्याचं तोंड जमिनीकडं आणि पोट आभाळाकडं. ती परत लातूरला गेली. ह्या खेपेला दुकान बंद. दुकानदार लग्नाला गेलेला. ते दोन डावे सायलेन्सर मांडीवर घेऊन ती दयानंदच्या घरी जाऊन बसली.

दयानंदनं चहा येईपर्यंत दम धरला. मग म्हणाला की आक्का, आता बास कर. लोक हसायलेत. आण्णांनी गाडी मला दिली असती तर मी एका दिवसात एखाद्या शौकिनाला विकून मोकळा झालो असतो, गाडीचंही भलं झालं असतं. वरून म्हणाला, "तुझ्यानं व्हायचं न्हाई हे. हे बाईमाणसाचं कामच न्हाई."

"इतकी वर्षं शेडात होती. तेव्हा तुझंच काम होतं की," सुकन्या म्हणाली. "एकदा तरी फडकं मारलंस का तिच्यावर?"

दयानंदच्या बायकोनं, शीलानं, कपबशा उचलल्या आणि ती आत निघून गेली. भावाबहिणीत पुढं जे बोलणं झालं ते गाडीवरून सुरू होऊन टाकीवरच्या जागेपर्यंत, तिथून कुणाला इंजिनिअरिंगला घातलं आणि कुणाला डिप्लोम्यावर भागवलं तिथपर्यंत गेलं. सुकन्याला स्वतःचंच नवल वाटलं. इतकं सगळं आत साठलेलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. निघताना तिनं एक सायलेन्सर उचलला आणि दुसरा दयानंदच्या पायऱ्यांवरच ठेवून दिला. एक तुला, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दयानंदचा फोन आला. आवाजात राग होताच, पण कामाचं बोलला. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला मलप्पा नावाचा एक माणूस धान्याच्या कोठ्या बनवतो, आमच्या कंपनीच्या टाक्याही त्यानंच केल्यात. त्याच्याकडं पत्रा वळवायचं मशीन आहे. पायरीवरचा सायलेन्सर घेऊन मीच जातो, जुन्याची तुटकी टोकं तू पाठव. सुकन्या म्हणाली, "मीच येते."

मलप्पा मोठ्या तोंडाचा माणूस होता. म्यां बारा पोत्यांची कोठी करतो, हे काय, बोटाएवढी नळी, म्हणाला. जाड पत्रा घेऊन त्यानं पहिली नळी वळवली ती अंड्यासारखी लांबट झाली. दुसरी गोल झाली, पण आखूड. तिसऱ्या वेळी सुकन्यानं स्वतः जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा आकार कापला आणि तो पत्र्यावर धरून उभी राहिली, तेव्हा कुठं जमत आलं. जुन्या जोडीची दोन्ही तोंडं आणि आतल्या जाळीच्या नळ्या तेवढ्या अजून शाबूत होत्या. त्या बसवून त्यानं डाग दिला, आणि पट्ट्या ह्या वेळी एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला, सोबत आलेल्या दयानंदनं दोनदा तपासून लावून घेतल्या. दुकानातून आणलेल्या सायलेन्सरचं पोट आतून रिकामंच होतं म्हणे, नुसती चमक. मलप्पानं ते कापून त्याचा, इंजिनाच्या वाकड्या नळीला, बेंडला सायलेन्सर आवळायचा क्लॅम्प केला.

तयार झालेली जोडी देखणी नव्हती. क्रोम नाही, काही नाही. चुलीला लावतात तसला काळा रंग. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर जाड. पण नांदेडला आणून जोडल्यावर गाडी धड आवाजात चालू झाली. सुकन्या सकाळीच लोह्याच्या चौकात जाऊन उभी राहिली. तिथं दुसरेच हवालदार होते. पहिल्यांची बदली झालेली. तिनं सगळा किस्सा सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी ट्रकला वाट करून द्यायला हात हलवत म्हटलं की मॅडम, गाडी रस्त्यातून बाजूला घ्या.

इतकं सगळं करून कुणी बघायलाही तयार नाही, ह्या रागात तिनं ऑफिसात फोन करून रजा सांगितली आणि गाडी तशीच कंधारच्या रस्त्याला घातली. वाटेत दोनदा प्लग काळा पडून गाडी बंद झाली. दुपार कलायच्या आधी ती जळकोटला पोचली.

आवाज ऐकून किशनराव ओट्यावर आले. काठी टेकवत पायरीपर्यंत आले, मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले. सुकन्यानं गाडी बंद केली नाही. हेल्मेट काढलं, चेहरा पुसला आणि ती वाट बघत उभी राहिली.

"आवाज तो न्हाई," ते म्हणाले. "मळणी यंत्रावानी वाजायलीय. आधी कशी घुमायची."

सुकन्यानं चावी फिरवली. अंगण एकदम शांत झालं. तिला वाटलं होतं आपण हसून सोडून देऊ. पण तसं झालं नाही.

"आण्णा, तो आवाज मी कुठून आणू?" ती म्हणाली. "सडला तो. तुमच्याच शेडात सडला. वर एक गोणपाट टाकलं असतं, वर्षाला एकदा नुसती चालू केली असती तर काही झालं नसतं. इंजीन गेलं म्हणालात. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. प्लग बदलला आणि सुरू झाली. महिनाभर मी दारोदार हिंडले, दयाशी भांडले, हात भाजले, आणि तुम्ही म्हणता आवाज तो नाही."

 किशनरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दारात कस्तुराबाई, तिची आई, सूप घेऊन उभी होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"इंजीन कुठं गेलं होतं," ती म्हणाली. "ह्यांचा गुडघा गेला होता. किक बसंना. सकाळी अर्धा अर्धा तास नुसतं मारत राहायचे, अंगणात, आणि कुणी आलं की पुसल्यावानी करायचे."

"तू गप्प बस," किशनराव म्हणाले.

"मी गप्पच हाय की इतकी वर्षं."

येझदीची किक डाव्या अंगाला असते. सुकन्यानं वडिलांच्या डाव्या पायाकडं पाहिलं. धोतराखाली तो किंचित वाकडा टेकलेला होता, आणि हे ती कित्येक वर्षं बघत आली होती. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. गाडीपाशी तिनं ते कधी नेऊन जोडलं नव्हतं. तिचा राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढावा हे समजेना. एका माणसाला किक बसत नाही हे सांगायची लाज वाटली, आणि त्यापायी धडधाकट गाडी दहा-बारा पावसाळे भिजली. म्हणाले असते तर दयानंदनं मारून दिली असती. तिनं मारून दिली असती. पण तिला तर तेव्हा कुणी विचारलंच नसतं.

कस्तुराबाईनं पाणी आणलं. सुकन्या ते उभ्यानंच घटाघटा प्यायली.  मग किशनराव पायरी उतरले, गाडीला वळसा घालून मागं गेले, कष्टानं वाकले आणि काळ्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"पत्रा जाड हाय," ते म्हणाले. "हा न्हाई सडायचा लवकर."

"कोठीचा आहे."

"डाव्या अंगाला बेंडपाशी गळायलीय. वास यायलाय बघ."

"माहितीय मला."

ते सरळ झाले. पलीकडच्या गावात त्यांचा जुना सोबती अर्जुनराव बरेच दिवस अंथरुणाला होता, आणि तिकडं जायला जीप वेळेवर मिळत नव्हती. किशनरावांनी हे सगळं गाडीच्या सीटकडं बघत सांगितलं, जणू ते सीटलाच सांगत होते. सुकन्यानं हेल्मेट घातलं. पहिली किक फुकट गेली, दुसरी उलटी आली आणि तिच्या पोटरीला लागली. किशनरावांचा ओठ काहीतरी सांगायला हलला, पण त्यांनी तो मिटून घेतला. त्याच्या पुढच्या किकला गाडी फटफटली. कस्तुराबाईनं त्यांना धरून मागं बसवलं आणि काठी दोघांच्या मध्ये आडवी खुपसली.

वस्ती संपली. मग किशनराव मागून बोलायला लागले: क्लच इतका दाबून धरू नको, चढाला आधीच गिअर टाक, डाव्या बाजूनं खड्डा हाय. सुकन्यानं मान वळवली नाही. ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं बेंडपाशी फट्‌फट् वाढली आणि क्लॅम्प सैल होऊन सायलेन्सर थरथरायला लागला. तिनं गाडी बाभळीखाली घेतली, वडिलांना उतरवून दगडावर बसवलं, टूलबॉक्समधला पाना काढला आणि खाली वाकली.

"थांब," किशनराव म्हणाले. "तापलाय. निवू दे जरा."

तिनं पाना हातातच ठेवला आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसून राहिली. गरम पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती. एक एसटी धुरळा उडवत गेली. खिडकीतून एका बाईनं ओळखून किशनरावांना हात केला आणि त्यांनीही काठी उचलून उत्तर दिलं. त्या बाईचं नाव काय होतं, असं स्वतःशीच म्हणत ते बराच वेळ आठवत राहिले. सुकन्यानं सायलेन्सरला बोट लावून पाहिलं. अजून चटका बसत होता.